आजी घरात असताना पाळणाघर : मानपाड्याच्या एका पाळणाघराबद्दल, दीड वर्षानंतर

कोणी विचारायच्या आधीच सांगते. हो, घरात आजी आहे. ती मीच. वय त्रेसष्ट, डावा गुडघा बदललेला, उजवा रांगेत. यजमानांना पार्किन्सन्स आहे. आणि माझी अडीच वर्षांची नात गेलं दीड वर्ष पाळणाघरात जाते. ठाण्यात मानपाड्याला, घोडबंदर रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत, तळमजल्यावर. नाव लिहीत नाही, कारण चालवणाऱ्या मावशींनीच सांगितलंय, "काकू, लिहा काय लिहायचं ते, पण नाव नको. आधीच बारा जण वेटिंगला आहेत."

दुसरी गोष्ट, मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत, म्हणजे अंगणवाड्यांवर, पर्यवेक्षिका होते. बरीचशी नोकरी शहापूर तालुक्यात झाली. कसारा, खर्डी, डोळखांब. लहान मुलांची कुठलीही जागा पाहिली की माझी नजर आपोआप तीन ठिकाणी जाते : पाण्याचं भांडं, वजनकाटा आणि मदतनिसाचा चेहरा. मदतनीस वैतागलेली असेल तर भिंतीवर कितीही ससे-हत्ती रंगवा, उपयोग शून्य.

म्हणून मी पहिल्यांदा गेले ती न कळवता, दुपारी साडेबाराला. ही वेळ मुद्दाम. सकाळी नऊला कुठलंही पाळणाघर छानच दिसतं. साडेबाराला मुलांना भूक आणि झोप एकदमच येते, आणि तेव्हा त्या घराचं खरं रूप कळतं. आत अठरा मुलं, चार ताया. एक ताई ताटं मांडत होती, दुसरी एका पोराची चड्डी बदलत होती, तिसरी मांडीवर एकाला घेऊन दुसऱ्याला वरणभात भरवत होती. रडणारी दोन. अठरात दोन म्हणजे चांगलं. पाणी झाकलेलं, ओगराळं वेगळं. वजनकाटा नव्हता. मी विचारलं, "वजन कधी करता?" तर मावशी गोंधळल्या. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी हे सुरू केलंय, त्यांना वाटलं मी भाजीचं वजन विचारतेय.

तो काटा आता आहे. पुढच्या महिन्यात आणला त्यांनी, आणि दर पाच तारखेला वजन घेऊन वहीत लिहितात. वाढीचा तक्ता कसा भरायचा ते मी शिकवलं. इतक्या वर्षांचा हात, अजून चालतो.

आता जे झोंबलं ते. दारातच लॅमिनेट केलेली पाटी : "सायं. ७.३० नंतर दर १५ मिनिटांस १०० रु." मला ती वाचून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मूल म्हणजे काय पार्किंगला लावलेली गाडी? सूनबाईला म्हटलं, ही जागा नको. शहापूरला माझ्या एक अंगणवाडी सेविका होत्या. आवणीच्या दिवसांत आया चिखलातून परत यायला अंधार व्हायचा, तेव्हा त्या तीन-चार पोरं आपल्याच घरी नेऊन चुलीपाशी बसवायच्या, भाकरीही द्यायच्या. कधी कोणाकडून पैसा घेतला नाही. मी त्यांचं उदाहरण प्रत्येक बैठकीत द्यायचे.

नंतर रात्री झोप येईना तेव्हा आठवलं की मी उदाहरणच दिलं, दुसरं काही दिलं नाही. अंगणवाडी दुपारी खिचडी झाली की बंद व्हायची. त्यापुढचे तास कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हते. आणि जे तास रजिस्टरमध्ये होते त्यांनाही आपण पगार म्हणत नाही, मानधन म्हणतो. त्यातला केंद्राचा ठरवलेला आकडा २०१८ साली वाढून सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० झाला, त्यात राज्याची भर वेगळी. सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू होते हे सांगायलासुद्धा २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. तोवर त्या 'मानसेवी'. शब्द किती गोड आहे पाहा. मान आणि सेवा, दोन्ही आलं, पैसे तेवढे राहिले.

तर पाटीबद्दलचं माझं मत महिनाभरात बदललं. कसं, ते पुढे येईल.

आधी हे पाळणाघर आमच्या वाट्याला का आलं ते सांगायला हवं. सूनबाई ऐरोलीला एका मोठ्या कंपनीत आहे. प्रसूतीच्या वेळी तिने मला एक पुस्तिका दाखवली, इंग्रजीत. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या कंपनीचं कुटुंब कल्याण धोरण. एवढं बोलले आणि यजमान नि मी हसत सुटलो. सूनबाईला कळेना. आमच्या पिढीला 'कुटुंब कल्याण' म्हटलं की एकच गोष्ट आठवते, नसबंदीचं ऑपरेशन. १९५२ साली सुरू झालेलं कुटुंब नियोजन आणीबाणीनंतर बदनाम झालं, म्हणून १९७७ साली त्याचं नाव कुटुंब कल्याण केलं. नाव बदललं तरी टार्गेट तेच. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मार्च जवळ आला की मुलांच्या परीक्षेआधी त्यांना विचारलं जायचं, "गुरुजी, केसेस किती?" टार्गेट १९९६ साली गेलं. पण सरकारने आपल्या घराकडे पाहिलं ते बराच काळ तोंडं मोजायला, ती तोंडं दिवसभर कोण भरवतं हे विचारायला नाही. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात सरासरी बाईमागे १.७ मूल निघालं. आमच्याकडे चार आजी-आजोबांत मिळून एकच नात. आणि चौघांपैकी तिच्यामागे धावू शकेल असं कोणी नाही.

पुस्तिकेत २६ आठवड्यांची भरपगारी रजा होती. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ती १२ वरून २६ झाली. मला माझ्या वेळी तीन महिने मिळाले होते, तेव्हा सूनबाईला सहा महिने मिळतायत म्हणून मी खूश. तिनेच दुसरी बाजू सांगितली. हा सगळा पैसा मालकाच्या खिशातून जातो, सरकार त्यात काही घालत नाही. २१,००० पर्यंत पगार असेल आणि ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर तिथून मिळतो, त्यावरच्यांचा मालकावर. त्यामुळे तिच्या मैत्रिणीला एका लहान कंपनीत मुलाखतीला सरळ विचारलं, "लग्न झालंय का? प्लॅनिंग काय?" कायदा बाईच्या भल्याचा, पण बिल एकट्या मालकाला, मग मालक बाईच टाळणार. आणि बाप? केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर पंधरा दिवस. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात एक दिवससुद्धा नाही. आमच्या चिरंजीवांनी आठ दिवस हक्काच्या रजेतून घेतले, त्यातले दोन पालिकेत जन्मदाखल्यासाठी गेले.

पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, हेही त्याच दुरुस्तीने आलं. कंपनीने सोय केली होती, ऐरोलीत, ऑफिसपासून दोन किलोमीटरवर. कागद पूर्ण. आता सकाळी सव्वाआठला ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर वर्षाचं मूल कडेवर घेऊन उभं राहून दाखवावं, मग आपण बोलू. आणि चार वेळा जायचं तर रिक्षानेच पगार संपेल. सूनबाईने एकदाही ती सोय वापरली नाही. कंपनीच्या अहवालात मात्र ती असणार, कारण आमच्याही अहवालात बंद पडलेले हातपंप 'उपलब्ध' असायचे.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी तोंडाने म्हटलं नाही, एवढी माणसं चांगली आहेत. पण विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त." ह्या वाक्याला उत्तर नसतं. माझ्या मुलाला माझ्या सासूबाईंनी सांभाळलं. सांभाळलं उत्तम, आणि नंतर पंचवीस वर्षं ऐकवलं. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मी फिरतीवर निघून गेले होते. त्यांचा मोबदला म्हणजे तेवढं ऐकवणं.

मी नाही म्हटलं. दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हीच पाळणाघर निवडा, तुम्हाला त्यातलं कळतं." पोरगी हुशार आहे.

माझी एक भाची स्टॉकहोमला असते. तिच्याकडे आई-बाप मिळून ४८० दिवस रजा, आणि त्यातले नव्वद-नव्वद दिवस एकाने दुसऱ्याला देताच येत नाहीत, त्यामुळे बापाला घरी बसावंच लागतं, नाहीतर ते दिवस फुकट जातात. हे त्यांनी मोठ्या मनाने केलं असं मला वाटायचं. भाचीचा नवरा म्हणतो, तिथे त्या काळात कामाला माणसं कमी पडत होती, बायका नोकरीत यायला हव्या होत्या. १९७१ साली नवरा-बायकोचा आयकर वेगळा केला आणि १९७४ साली रजा बापालाही दिली. गरज पैशाची होती, रीत मागाहून बदलली. तरी बाळंतपणाला माझी डोंबिवलीची बहीण गेलीच, डिंकाचे लाडू आणि मेतकूट घेऊन. व्हिसा नव्वद दिवसांचा. माझ्या बाळंतपणाच्या रजेएवढाच!

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांनी अंगणवाडी सुरू झाली तेव्हाची गरज वेगळी होती. मूल जगवायचं होतं. १९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणाने पोरं गेली तेव्हा जव्हार आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं, त्यावेळची मीटिंगमधली शांतता मी विसरलेले नाही. तिथे आईच्या नोकरीचे तास कोण विचारणार? पहिला घास आधी. ते मला पटतं, आजही. फक्त त्या हिशेबात एक गोष्ट न बोलता धरलेली होती, की खिचडीनंतर मुलाला घरी सांभाळायला कोणीतरी असणारच. शहापूरला ते कोणीतरी म्हणजे मुलाची आठ-नऊ वर्षांची बहीण असायची. तिचं नाव शाळेच्या पटावर आणि ती स्वतः धाकट्याला कडेवर घेऊन आमच्या अंगणवाडीच्या दारात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जायची, मग दोघंही माझ्या तक्त्यातून गायब. रोजगार हमीच्या केंद्राच्या २००५ च्या मूळ कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायला ठेवायचं आणि तिला मजुरी द्यायची. मला हे कलम फार आवडतं. सांभाळणं हे काम आहे, इतकं सरळ दुसरीकडे कुठे लिहिलेलं मी वाचलं नाही. प्रत्यक्षात अशी बाई कामावर बसलेली मी दोनदाच पाहिली.

आता पुन्हा मानपाड्याला येते.

फी पूर्ण दिवसासाठी महिन्याला ९,५०० रुपये, प्रवेश ५,००० एकदाच. सकाळी आठ ते साडेसात. दुपारचं जेवण आणि चारचं खाणं तिथलंच. महाग आहे का? मीही आधी म्हटलं महाग. मग मावशींनी एकदा वही पुढे केली. भाडं ४५,०००. चार ताया, प्रत्येकी १४,०००. वीज व्यावसायिक दराने. जेवण, डायपरचा कचरा उचलण्याचे वेगळे पैसे, फिनेल. अठरा मुलांचे १,७१,००० येतात आणि महिनाअखेर त्यांच्या हातात तीसेक हजार उरतात, तेही कोणी मधेच मूल काढून नेलं नाही तर. बँकेत यापेक्षा जास्त मिळत होते. ह्यात सरकारचा एक रुपया नाही, कंपन्यांचाही नाही. म्हणजे ऐरोलीच्या आणि बीकेसीच्या ऑफिसांमधल्या खुर्च्या भरलेल्या राहाव्यात म्हणून मानपाड्याच्या तळमजल्यावर चार ताया चौदा हजारांत कमरा मोडून घेतात.

त्यातल्या दोघींना लाडकी बहीणचे पंधराशे मिळतात. एकीने त्यातून मुलाचा क्लास लावलाय. ती म्हणते, "काकू, हे माझ्या नावावर येतात, नवऱ्याच्या नाही," आणि त्यात मी काही बोलावं असं नाही. फक्त माझी जुनी खोड, मी शब्द ऐकते. बहीण लाडकी, लेक लाडकी, कन्या भाग्यश्री. सरकार आपल्याशी नात्यानेच बोलतं. नात्यात हक्काने मागायचं नसतं, ओवाळणी येईल ती घ्यायची.

मावशी तेवढ्यापुरत्या वेगळ्या. भिंतीवर तायांचा पगाराचा दिवस लिहिलेला आहे : एक तारीख. गेल्या गणपतीत पाळणाघर पाच दिवस बंद होतं, कारण तीन ताया कोकणातल्या, त्या गावी जाणारच. ऑफिसांना सुट्टी एक दिवसाची. पालकांच्या ग्रुपवर गदारोळ. "आमची पण फी कापा मग." मावशींनी लिहिलं, "फी कापणार नाही, तायांना पगारी रजा आहे." सत्तावीस जणांनी वाचलं, उत्तर एकानेही दिलं नाही. चिरंजीवही चिडले होते. ते पाच दिवस नात माझ्याकडे होती, गुडघ्याला शेक देत मी मोदक वळले, आणि तरी मला मावशींचं पटलं.

आणि ती पाटी. जुलैत एकदा तुंबलेल्या पाण्यामुळे कापूरबावडीपासून गाड्या हलेनात. सूनबाई नऊला पोचली. सहा टप्पे, सहाशे रुपये. मी न्यायला जाऊ शकले असते, पण त्या पावसात आणि त्या खड्ड्यांत हा गुडघा? नात एका ताईच्या मांडीवर झोपलेली, ताईच्या अंगावर घरी जायची साडी, पिशवी शेजारी. सूनबाई दहा वेळा सॉरी म्हणाली. ताई म्हणाली, "सॉरी कशाला, हे सहाशे माझे असतात." मग कळलं, उशिराचे पैसे मावशी ठेवत नाहीत, जी ताई थांबते तिला पूर्ण जातात. सूनबाई त्या रात्री मला म्हणाली की नऊ वाजता तिला पहिल्यांदा मिंधं वाटलं नाही. मला शहापूरच्या त्या सेविका आठवल्या. त्यांची चूल, त्यांची भाकरी आणि माझी भाषणं.

तक्रारीही आहेत, नाहीतर मावशींनीच लिहून घेतलं म्हणाल. दुपारी चार ते पाच टीव्हीवर गाणी लावतात. मी तीनदा सांगितलं, मावशी 'हो काकू' म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू. त्या तासात ताया चहा पितात, त्या वेळेला टीव्हीच पाचवी ताई. मुलांशी बोलतात ते निम्मं हिंदीत, "बेटा इधर आओ." मराठी ताया, अर्ध्याहून जास्त मुलं मराठी, मग हे कशासाठी? उलट एक ताई मालवणीत बोलते आणि तिच्यामुळे आमची नात परवा मला "गो आजी" म्हणाली. ते चालेल. हात धुवायचं बेसिन मोठ्यांच्या उंचीचं आहे, खाली पाट ठेवलाय, तो ओला असतो. पाट हलतो. हे धोक्याचं आहे आणि मी हे इथे लिहिणार हे त्यांना सांगितलेलं आहे.

कॅमेरे आहेत, आईबापांना मोबाइलवर दिसतात. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरातलं बाळाला मारहाणीचं चित्रण सगळ्यांनी पाहिलं, तेव्हापासून कॅमेऱ्याशिवाय कोणी मूल ठेवत नाही. समजू शकते. पण सूनबाई मीटिंगमध्ये बसून बघते आणि मला फोन करते, "आई, ती कोपऱ्यात का बसलीय?" शी करत असते ती कोपऱ्यात, दुसरं काय. त्यापेक्षा रोज संध्याकाळी ताईला दोन मिनिटं विचारा, काय खाल्लं, किती झोपली, कोणाला चावली. आमची चावते.

खाणं चांगलं. नाचणीची पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, बुधवारी उकडलेलं अंडं (नको असेल तर सांगायचं). बिस्किटं नाहीत, ह्याचे वेगळे गुण. नातीचं वजन दीड वर्षात एकदाच अडलं, गोवरासारखे पुरळ उठले तेव्हा, आणि ते मावशींच्या वहीत माझ्या आधी दिसलं.

पाचपैकी चार. एक कापला टीव्ही आणि पाटाचा.

गेल्या महिन्यात मी घरच्या फ्रीजवर एक कागद लावला : "शनिवार-रविवार, दुपारी ४ नंतर दर १५ मिनिटांस १०० रु." चिरंजीव हसले, फोटो काढून मित्रांना पाठवला. दोघं सिनेमाला गेली आणि साडेचारला आली. रात्री माझ्या मोबाइलवर सूनबाईकडून दोनशे रुपये, खाली लिहिलेलं "उशीर". मी ते परत केलेले नाहीत. यजमान म्हणाले, "अगं, नातीचे पैसे घेतेस?" नातीचे नाही, तासाचे.

तुम्हाला जागा पाहायची असेल तर जूनमध्ये जा, मोठी मुलं शाळेत गेली की चार-पाच जागा होतात. सहा महिन्यांखालचं मूल घेत नाहीत. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, रिक्षा करा. आणि साडेबाराला जा. बेल वाजवून दोन-तीन मिनिटं थांबावं लागेल, पुन्हा वाजवू नका, त्या वेळी आत सगळ्यांचे हात भाताचे असतात.